उसन्या गाण्यांचा धनी

गाजलेलं गाणं दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं की आपण आधी नाक मुरडतो. चाल जशीच्या तशी ठेवली असेल तर म्हणतो, मग पुन्हा गायलंच कशाला? चालीला हात लावला असेल तर म्हणतो, वाट लावली. रिमिक्सच्या लाटेत अशी कितीतरी गाणी येऊन गेली आणि त्यातली फार थोडी आज कोणाच्या ओठांवर आहेत.

आता असा एक गायक घ्या, ज्याने जवळजवळ सारं आयुष्य दुसऱ्यांचीच गाणी गाण्यात घालवलं. ज्या गाण्याने तो जगाला माहीत झाला ते तर चक्क बीटल्सचं होतं. बीटल्स तेव्हा ऐन भरात होते. मूळ रेकॉर्ड जेमतेम दीड वर्ष जुनी होती आणि घराघरांत वाजत होती. तिला हात लावायचा म्हणजे स्वतःचं हसं करून घ्यायची तयारी ठेवायची. तरीही जो कॉकर या शेफील्डच्या गायकाने गायलेलं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ नोव्हेंबर १९६८ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याने आपल्या गाण्याचं सोल संगीतातलं स्तोत्र करून टाकलं, अशी दाद खुद्द पॉल मॅकार्टनीने दिली आणि त्याबद्दल त्याचे आभारही मानले.

हे कसं झालं? आणि इतकं गाजूनही हा माणूस आठ वर्षांत कर्जबाजारी कसा झाला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लयीत आणि गळ्यात आहे, दुसऱ्याचं करारांच्या कागदांत.

गॅसचं काम आणि रे चार्ल्सचं वेड

जॉन रॉबर्ट कॉकरचा जन्म २० मे १९४४ चा, शेफील्डच्या क्रूक्स भागातला. शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. कॉकरचे वडील सरकारी नोकरीत होते. थोरला भाऊ व्हिक्टर पुढे सेव्हर्न ट्रेंट या पाणीपुरवठा कंपनीचा प्रमुख झाला. धाकट्याने शाळा सोडली आणि तो गॅस मंडळात उमेदवारीला लागला. दिवसा घरोघरी गॅसच्या जोडण्या करायच्या आणि संध्याकाळी पबमध्ये गायचं, असा त्याचा क्रम होता.

त्या काळी इंग्लंडमधल्या पोरांना ‘स्किफल’चं वेड लागलं होतं. वाद्यं विकत घ्यायला पैसे नसले तरी चालत. कपडे घासायची पत्र्याची फळी, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेलं खर्जाचं वाद्य आणि एखादी स्वस्तातली गिटार एवढ्यावर भागायचं. लॉनी डॉनेगन हा या प्रकाराचा राजा. तो गायचा ती बरीचशी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची लोकगीतं होती, त्यामुळे त्याच्या पाठोपाठ ही पोरं आपसूक ब्लूजपर्यंत पोचली.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. त्याचा साचा सोपा असतो. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. हे सारं बारा आवर्तनांत बसतं. खरी गंमत स्वरांत आहे. पाश्चात्त्य संगीतात पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नसतं. ब्लूजचा गायक मात्र कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेत घुटमळतो, खालून वर घसरत येतो आणि पोचता पोचता थांबतो. मींड आणि श्रुती कानावर पडलेल्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. सरळ स्वरांवर वाढलेल्या शेफील्डच्या पोरांना मात्र ती जादू वाटली.

कॉकरचं दैवत होता रे चार्ल्स. या अंध अमेरिकन गायकाने ब्लूज आणि चर्चमधलं ‘गॉस्पेल’ हे भक्तिगायन एकत्र केलं. देवळातला आर्त पुकारा त्याने प्रेमाच्या गाण्यात आणला आणि त्यातून ‘सोल’ नावाची शैली आकाराला आली. कॉकरने चार्ल्सची नक्कल करत करत गळा घडवला. नाव घेतलं ‘व्हान्स आर्नोल्ड’ आणि बँडचं नाव ‘अ‍ॅव्हेंजर्स’. १९६३ मध्ये शेफील्डच्या सिटी हॉलमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात या बँडला आधी वाजवायला मिळालं.

पुढच्याच वर्षी डेका कंपनीने त्याची पहिली रेकॉर्ड काढली. तेही बीटल्सचंच गाणं होतं, ‘आय विल क्राय इन्स्टेड’. मूळ गाणं येऊन काहीच महिने झाले होते. कॉकरची रेकॉर्ड मूळ गाण्यापासून फारशी लांब गेली नाही आणि ती सपशेल पडली. कंपनीने करार संपवला, कॉकर पुन्हा गॅसच्या कामावर गेला.

गायक तोच आणि ज्यांचं गाणं घेतलं तेही तेच. एवढंच काय, १९६४ आणि १९६८ या दोन्ही रेकॉर्डिंगला गिटार वाजवणारा जिमी पेजही तोच. पुढे लेड झेपेलिन काढणारा पेज तेव्हा रोजंदारीवर स्टुडिओत वाजवायचा. पहिल्या वेळी कोणी विचारलं नाही, दुसऱ्या वेळी पहिला क्रमांक मिळाला. म्हणजे फरक गाण्यावर काय केलं यातच शोधायला हवा.

केरव्याचा दादरा

मूळ गाणं बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमवर दुसरं आहे. ते गायला रिंगो स्टार, म्हणजे चौघांतला ड्रमवाला. त्याचा आवाज मर्यादित, म्हणून गाणं लिहिणाऱ्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी चाल मुद्दामच मोजक्या स्वरांत बांधली. उंच स्वर येतो तो अगदी शेवटी, आणि तो लावायलाही रिंगो कुरकुरतच तयार झाला. ठेका सरळ, चार-चार मात्रांचा, आरामात चालत जावं तसा. पावणेतीन मिनिटांत गाणं आटोपतं.

कॉकरने आणि त्याच्या सोबत्यांनी पहिली गोष्ट केली ती ठेका बदलण्याची. चार-चारच्या जागी तीन-तीनचे गट आणले आणि लय खूप उतरवली. आपल्या भाषेत सांगायचं तर केरव्यातलं गाणं संथ दादऱ्यात नेऊन ठेवलं. ही कल्पना आपल्याला शेफील्डच्या घरी, अंगणातल्या संडासात बसलेलो असताना सुचली, असं कॉकर सांगत असे.

ठेका बदलल्याने काय होतं, हे घरच्या घरी करून बघता येतं. तोंडपाठ असलेलं कोणतंही चटपटीत गाणं टेबलावर ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन’ असा सावकाश ताल धरून म्हणा. शब्द पूर्वीच्या जागी बसत नाहीत. काही अक्षरं ताणावी लागतात आणि दोन शब्दांमध्ये पोकळी पडते. त्या पोकळीत काय भरायचं हे आता गायकावर असतं. रिंगोच्या गाण्यात अशी जागाच नव्हती. कॉकरला ती हवीच होती, कारण आलाप, हुंकार आणि किंचाळी ही त्याची खरी मिळकत. मूळ चाल साधी असल्याचाही इथे फायदा झाला. आधीच नक्षीने भरलेल्या चालीत नवी नक्षी काढायला जागा उरत नाही.

दुसरा बदल मांडणीचा. रेकॉर्ड सुरू होते ती टॉमी आयरच्या ऑर्गनने. चर्चमध्ये प्रार्थना सुरू होण्याआधीची शांतता असावी तसे ते सूर आहेत. मग पेजची गिटार आणि ‘प्रोकोल हारम’ बँडच्या बी. जे. विल्सनचे ड्रम एकदम कोसळतात. गाणं पुन्हा खाली येतं, पुन्हा चढतं. अशी भरती-ओहोटी पाच मिनिटांहून जास्त चालते.

तिसरा बदल मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. या गाण्याची रचनाच प्रश्नोत्तरांची आहे. मूळ गाण्यात बाकीचे बीटल्स विचारतात आणि रिंगो खांदे उडवत उत्तर देतो. सगळा मित्रांमधला खेळीमेळीचा मामला. कॉकरने प्रश्न बायकांच्या कोरसकडे दिले. गॉस्पेलमध्ये धर्मोपदेशक पुकारतो आणि जमाव उत्तर देतो, तसा तो सवालजवाब झाला. शब्द जवळपास तेच राहिले, पण आता उत्तर देणारा माणूस बुडायला आलाय असं वाटू लागलं. मित्रांची मदत ही रिंगोला गंमत म्हणून हवी होती, कॉकरला जगण्यासाठी हवी आहे.

दुसऱ्याच्या गाण्याच्या अशा नव्या रेकॉर्डला पाश्चात्त्य जगात ‘कव्हर’ म्हणतात. माझं मत विचाराल तर चांगल्या कव्हरची एकच कसोटी आहे: मूळ गाण्यात असूनही दिसत नव्हतं असं काहीतरी त्यातून दिसायला हवं. निव्वळ गोड आवाज पुरत नाही.

घशातली खरखर येते कुठून?

कॉकरचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाचा घसा बसला आहे. बसलेला घसा आणि मुद्दाम लावलेली खरखर यांत मात्र बराच फरक आहे.

ओठ सैल मिटा आणि त्यांतून जोरात हवा सोडा. ओठ फडफडतात आणि ‘फुर्र’ असा आवाज येतो. स्वरयंत्रातही असंच होतं. तिथे स्नायू आणि मऊ त्वचेच्या दोन घड्या असतात, ज्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना ढकलून उघडते, त्या लगेच मिटतात आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होत राहतं. पुरुषाच्या मध्यम उंचीच्या स्वराला साधारण दोनशे ते अडीचशे वेळा. ही उघडझाप अगदी नियमित असली की स्वर स्वच्छ ऐकू येतो.

या घड्यांच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात. त्यांना ‘खोटे स्वरतंतू’ म्हणतात. बोलताना त्यांचं फारसं काम नसतं, गिळताना त्या श्वासमार्ग झाकायला मदत करतात. गायकाने घशाचा वरचा भाग आवळून हवेचा दाब वाढवला की या वरच्या घड्याही थरथरू लागतात. त्यांची गती खालच्यांपेक्षा कमी असते, बरेचदा निम्मी. मग एकाच वेळी दोन कंपनं ऐकू येतात, एक स्वराचं आणि एक त्याखाली गुरगुरणारं. खालच्या तंतूंचं कंपन थोडं अनियमित झालं तरी खरखर येते. ब्लूज आणि सोलचे गायक या दोन्हींचा वापर करतात.

या खरखरीचा ऐकणाऱ्यावर परिणाम होतो, कारण माणसाचा आवाज असा कधी फाटतो हे कानाला पक्कं ठाऊक असतं. रडताना, ओरडताना, मदतीला हाका मारताना. गायक सुरात असला तरी आकांताची खूण कानावर येते. कॉकरचं कसब असं की तो खरखर सुरात ठेवायचा आणि नेमक्या शब्दावर आणायचा. बसलेल्या घशाच्या माणसाला ही निवड करता येत नाही.

याची किंमतही असते. वाढलेल्या दाबाने तंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात. त्यांच्यावरचा ओलावा टिकला तर ते सावरतात, पण दारू आणि सिगारेट नेमका तो ओलावाच घालवतात. कॉकर दोन्हींत बुडालेला होता.

‘यू आर सो ब्यूटिफुल’ हे गाणं या दृष्टीने ऐकण्याजोगं आहे. बिली प्रेस्टन आणि ब्रूस फिशर यांचं हे गाणं प्रेस्टनने जरा चढ्या लयीत गायलं होतं. १९७४ च्या ‘आय कॅन स्टँड अ लिटल रेन’ या अल्बमसाठी कॉकरने लय पुन्हा एकदा उतरवली आणि निकी हॉपकिन्सच्या पियानोवर ते अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखं गायलं. शेवटच्या उंच स्वरावर त्याचा आवाज तुटतो. असा स्वर लावताना तंतूंच्या फक्त कडा थरथरत असतात, त्यांना थोडंही बळ कमी पडलं की स्वर निसटतो. ती जागा दुरुस्त न करता रेकॉर्डवर तशीच ठेवली गेली. १९७५ मध्ये हे गाणं अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे अनेकांनी ते स्वच्छ आवाजात गायलं आहे, पण त्या तुटलेल्या स्वराची सर मला कशालाच आलेली दिसत नाही.

वुडस्टॉकचे हात

१७ ऑगस्ट १९६९, रविवार. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर वुडस्टॉकचा महोत्सव भरला होता आणि चार लाखांच्या आसपास लोक जमले होते. दोन दिवस आधी, शुक्रवारी रात्री त्याच मंचावर पावसात पंडित रविशंकर सतार वाजवून गेले होते. रविवारी दुपारी पहिला मान कॉकर आणि त्याच्या ‘ग्रीस बँड’चा होता. त्यांनी शेवटी बीटल्सचं ते गाणं गायलं आणि थोड्याच वेळात वादळ आलं. पुढचा कार्यक्रम कित्येक तास थांबला.

दुसऱ्या वर्षी आलेल्या चित्रपटाने हे सादरीकरण जगभर पोचवलं. लोकांच्या लक्षात राहिले ते त्याचे हात. डोळे मिटलेले, अंग वाकलेलं आणि हातांची बोटं हवेत नसलेली गिटार आणि नसलेला पियानो वाजवत असलेली. अनेकांना वाटलं, याला काही आजार आहे. कॉकरचं स्पष्टीकरण सरळ होतं. त्याला गिटार किंवा पियानो वाजवता येत नव्हता, मग डोक्यात वाजणारं हातांतून बाहेर पडायचं. विनोदी नट जॉन बेलुशी याने या हातवाऱ्यांची नक्कल करून हशा मिळवला. १९७६ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात कॉकर गात असताना बेलुशी त्याच्याच वेशात शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघांनी मिळून गाणं पुरं केलं. कॉकर त्यावर चिडला नाही. बऱ्याच लोकांना तेव्हा तो प्रकार क्रूर वाटला होता, कारण कॉकरची अवस्था त्या वेळी खरोखरच वाईट होती.

तीसेक माणसांचा लवाजमा

ती अवस्था कशी आली ते सांगायला १९७० मध्ये जावं लागेल. वुडस्टॉकनंतर कॉकर अमेरिकेत दौरे करून थकला होता. बँडही मोडला. मार्चमध्ये तो विश्रांतीसाठी लॉस एंजेलिसला आला तर त्याला कळलं की त्याच्या नावावर नवा दौरा आधीच ठरवून झालेला आहे. तो रद्द केला तर पुढे अमेरिकेत काम करणं अवघड होईल, असंही सांगण्यात आलं. पियानोवादक आणि गीतकार लिऑन रसेल याने आठवड्याभरात तीसहून जास्त वादक-गायकांचा ताफा जमवला. ड्रम वाजवायलाच तिघं! या ताफ्याचं नाव ‘मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन’.

बायका-मुलं, मित्रमंडळी, चित्रीकरण करणारा चमू असा सगळा लवाजमा विमानाने गावोगाव फिरला. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात झालेल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून निघालं. ते आजही ऐकावं असं आहे. ‘द लेटर’ हे त्यातलं गाणं अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. दोन महिन्यांनी दौरा संपला तेव्हा कॉकर शरीराने आणि मनाने खचला होता. वाट्याला पैसेही फारसे आले नव्हते. तो शेफील्डला आई-वडिलांकडे परतला आणि दारूत बुडाला. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात गांजा बाळगल्याबद्दल अटक झाली आणि त्याला देश सोडायला सांगण्यात आलं. १९७६ पर्यंत त्याच्यावर ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीचं सुमारे ८ लाख डॉलरचं कर्ज झालं होतं.

गाणी गाजत असताना गायक कर्जात कसा जातो, हे कळायला एका रेकॉर्डचे पैसे कसे वाटले जातात ते पाहावं लागतं.

चौकट: एका रेकॉर्डचे दोन मालक

गाणं: शब्द आणि चाल. याचे हक्क गीतकार-संगीतकाराचे आणि त्याच्या प्रकाशकाचे. कोणीही, कितव्यांदाही गायलं तरी यांना पैसे मिळतात.

ध्वनिमुद्रण: गाण्याची विशिष्ट रेकॉर्ड. याचे हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीचे. गायकाला करारात ठरलेला हिस्सा मिळतो.

सक्तीचा परवाना: अमेरिकन कायद्याप्रमाणे गाणं एकदा रेकॉर्डवर आलं की ठरलेली रक्कम भरून कोणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो, वेगळी परवानगी लागत नाही. १९०९ पासून १९७७ पर्यंत ही रक्कम एका प्रतीमागे २ सेंट होती. आपल्या शैलीप्रमाणे मांडणी बदलायची मुभा आहे, पण त्यामुळे गाण्यावर हक्क मिळत नाही.

अ‍ॅडव्हान्स: कंपनीने गायकाला आधी दिलेली रक्कम. ही आणि बहुधा स्टुडिओचा खर्चही गायकाच्या हिश्श्यातून आधी वळता होतो. ते फिटेपर्यंत गायकाच्या हाती काही येत नाही.

हक्क कोणाचा, घाम कोणाचा

आता कॉकरची परिस्थिती बघा. संथ दादरा त्याच्या डोक्यातून निघाला, कोरसची योजना त्याच्या रेकॉर्डवर झाली, पण गाण्याचे पैसे लेनन आणि मॅकार्टनी यांना गेले. ‘फीलिन ऑलराइट’चे डेव्ह मेसनला, ‘डेल्टा लेडी’चे लिऑन रसेलला, ‘यू आर सो ब्यूटिफुल’चे प्रेस्टन आणि फिशरला. कायद्याने यात काहीच चूक नाही, गाणं त्यांचंच होतं. अमेरिकेत आणखी एक मेख आहे. तिथे रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला मानधन मिळतं, गायकाला मिळत नाही. हा नियम साध्या रेडिओ केंद्रांपुरता आजही तसाच आहे. म्हणजे कॉकरचा आवाज दिवसरात्र वाजत होता आणि पावत्या दुसऱ्यांच्या नावे फाटत होत्या.

गायकाला वारंवार रॉयल्टी मिळावी की नाही, हा वाद आपल्याकडेही जुना आहे. साठीच्या दशकात याच मुद्द्यावरून लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात बेबनाव झाला होता. भारतीय कायद्यात गायकांच्या रॉयल्टीची स्पष्ट तरतूद आली ती २०१२ च्या दुरुस्तीने.

अशा व्यवस्थेत फक्त गाणाऱ्याला कमाईचा एकच भरवशाचा मार्ग उरतो, तो म्हणजे दौरे. दौरे म्हणजे खर्च, थकवा आणि कॉकरच्या बाबतीत बाटली. कॉकरने स्वतः लिहिलेली गाणी थोडी आहेत, आणि त्यातली बरीचशी जुना सहकारी क्रिस स्टेंटन याच्या साथीने लिहिलेली. त्यांपैकी १९७२ च्या ‘वुमन टू वुमन’ची कथा मजेशीर आहे. १९९५ च्या अखेरीस टुपाक शकूर आणि डॉक्टर ड्रे यांचं ‘कॅलिफोर्निया लव्ह’ हे रॅप गाणं आलं. त्यात पियानोचा जो तुकडा सतत फिरत राहतो तो ‘वुमन टू वुमन’मधला आहे. जुन्या रेकॉर्डचा तुकडा नव्या गाण्यात वापरला की मूळ गाणं लिहिणाऱ्यांची नावं नव्या गाण्यावर येतात. त्यामुळे ब्लूज गाणाऱ्या शेफील्डच्या या गृहस्थाचं नाव रॅपच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकाचा सहलेखक म्हणून नोंदलं गेलं आहे.

पुन्हा वर

कर्जाच्या त्या दिवसांत वुडस्टॉकचा एक आयोजक मायकल लँग याने कॉकरचं व्यवस्थापन हाती घेतलं. अट एकच, दारूपासून लांब राहायचं. ती अट नेहमीच पाळली गेली असं नाही. दारू कायमची सुटायला नवं शतक उजाडावं लागलं. पण काम सुरू झालं.

१९८१ मध्ये ‘क्रुसेडर्स’ या जॅझ बँडसोबत कॉकरने एक गाणं गायलं. गीतकार विल जेनिंग्ज आणि पियानोवादक जो सॅम्पल यांनी ते त्यालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. जेनिंग्ज हा त्याच्या नशिबातला महत्त्वाचा माणूस ठरला, कारण पुढच्या वर्षी ‘अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन’ चित्रपटासाठी ‘अप व्हेअर वी बिलाँग’चे शब्द लिहिणारा तोच होता. चाल जॅक निट्शे आणि बफी सेंट-मेरी यांची. हे युगुलगीत कॉकरने जेनिफर वॉर्न्ससोबत गायलं. एक आवाज खरखरीत, दुसरा निर्मळ. दोन्ही गोड असते तर गाणं पाकात बुडालं असतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाण्याला ऑस्कर मिळालं आणि गाणाऱ्यांना ग्रॅमी. यातही विभागणी तीच, ऑस्कर लिहिणाऱ्यांचं!

त्यानंतरचा काळ स्थिर आहे, म्हणून त्यावर फार शाई खर्च करायला नको. रँडी न्यूमनचं ‘यू कॅन लीव्ह युअर हॅट ऑन’ १९८६ मध्ये एका चित्रपटातून त्याच्या आवाजात घरोघरी पोचलं. १९८७ मध्ये त्याने रे चार्ल्सचं ‘अनचेन माय हार्ट’ पुन्हा गायलं. त्याच वर्षी लग्न झालं आणि पुढे तो कोलोरॅडोतल्या क्रॉफर्ड या लहानशा गावी जाऊन राहिला. युरोपात, विशेषतः जर्मनीत, त्याला अफाट श्रोते मिळाले. बर्लिनची भिंत उभी होती तेव्हाच, १९८८ मध्ये, तो पूर्व बर्लिन आणि ड्रेस्डेनमध्ये गाऊन आला होता. उतारवयात त्याचा आवाज खाली आला, तसं त्याने गाण्यांच्या पट्ट्याही उतरवल्या. शेवटचा कार्यक्रमही जर्मनीतच झाला, सप्टेंबर २०१३ मध्ये, ऱ्हाइनकाठच्या लोरेलाय इथल्या खुल्या रंगमंचावर. २२ डिसेंबर २०१४ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय ७०.

अमेरिकेत रॉक संगीतातल्या मानकऱ्यांसाठी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ आहे. कॉकरला तिथे घ्यावं, असं गायक बिली जोएलने तो हयात असतानाच भर कार्यक्रमात म्हटलं होतं. ज्यांच्या गाण्यांवर कॉकर जगला ते एकेक करून आधीच तिथे पोचले होते. रे चार्ल्स १९८६ मध्ये, बीटल्स १९८८ मध्ये, लिऑन रसेल २०११ मध्ये, रँडी न्यूमन २०१३ मध्ये, बिली प्रेस्टन २०२१ मध्ये. कॉकरची निवड झाली २०२५ मध्ये, मरणानंतर दहा वर्षांनी. उशीर अक्षम्य आहे, पण विभाग योग्य निवडला. त्याला तिथे घेतलं ते सादर करणारा कलावंत म्हणून.